टीव्हीची केबल: पिन कशी बसवायची आणि जोड कसा द्यायचा

सोसायटीच्या डक्टमध्ये किंवा गच्चीच्या कठड्यामागे डोकावलं, तर कुठे ना कुठे हा जोड सापडतोच. दोन केबलींच्या मधल्या तारा एकमेकींना पिळलेल्या, दोन्हीकडच्या जाळ्या बाजूला ओढून त्यांचाही एक पीळ, आणि वरून काळ्या टेपचे चार वेढे. असा जोड दिल्यावर टीव्ही लागतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा दिला जातो. घरातली वीज ५० हर्ट्झची, तिला धातूला धातू भेटला की पुरतं. केबल टीव्हीचा सिग्नल साधारण ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झमध्ये असतो, आणि छत्रीकडून सेट टॉप बॉक्सकडे येणारा ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये. या वारंवारतांना केबल म्हणजे नुसत्या दोन तारा राहत नाहीत. मधली तार, तिच्याभोवतीचा पांढरा फोम आणि फोमवरचं फॉइल या तिघांची मिळून एक व्यवस्था असते. सिग्नल तार आणि फॉइल यांच्या मधल्या जागेतून, म्हणजे फोममधून प्रवास करतो. जोड देताना ही व्यवस्था, तिच्या मापांसकट, पलीकडे चालू ठेवायची असते. पिन म्हणजे केबलच्या टोकाला बसणारा आणि नटने सॉकेटवर आवळायचा धातूचा तुकडा. ती बसवण्याचे सगळे नियम यातूनच निघतात.

केबलवर ‘७५ ओहम’ छापलेलं असतं. तो आकडा मल्टिमीटरवर दिसत नाही, कारण तो तारेचा रोध नव्हे. तो केबलचा इम्पीडन्स, म्हणजे धावत्या सिग्नलच्या व्होल्टेजचं प्रवाहाशी असलेलं प्रमाण, आहे आणि तो दोन गोष्टींवर ठरतो: फॉइलचा व्यास मधल्या तारेच्या व्यासाच्या किती पट, आणि मध्ये कोणता पदार्थ भरलाय. आरजी-६ या घरकामाच्या नेहमीच्या केबलमध्ये मधली तार १.०२ मिलिमीटर जाड आणि फोमचा बाहेरचा व्यास ४.५७ मिलिमीटर असतो, म्हणजे जवळपास साडेचार पट. मध्ये फक्त हवा असती, तर या मापांनी ९० ओहम आले असते. फोममुळे सिग्नलचा वेग प्रकाशाच्या सुमारे ८३ टक्के होतो आणि इम्पीडन्सही त्याच प्रमाणात उतरून ७५ वर येतो. आता ही केबल खिळ्याखाली चेपली, तर फॉइल तारेच्या जवळ येतं आणि त्या जागी ७५ चे साठ-पासष्ट होतात. उलट पिळून दिलेल्या उघड्या जोडात फोमही नाही, फॉइलही नाही. तारा सुट्या पडतात आणि इम्पीडन्स सहज १५० च्या पुढे जातो.

जिथे इम्पीडन्स बदलतो, तिथून सिग्नलचा काही भाग मागे फिरतो. ७५ ओहमची लाइन थेट १५० ओहमला जोडली, तर व्होल्टेजचा एक तृतीयांश, म्हणजे शक्तीचा सुमारे ११ टक्के भाग परत जातो. प्रत्यक्षात उघडा तुकडा आखूड असतो. त्याचा त्रास किती होणार, हे त्याची लांबी तरंगलांबीच्या मानाने किती आहे यावर ठरतं. ५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी हवेत ६ मीटर. तिला ३ सेंटिमीटरचा पीळ जाणवतच नाही. २१५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी १४ सेंटिमीटर. तिच्या दृष्टीने तोच पीळ म्हणजे एक पंचमांश तरंग. ‘खालचे चॅनल दिसतात, वरचे जातात’ या तक्रारीचं एक मोठं कारण हे आहे. केबल टीव्हीवर बरा चाललेला जोड छत्रीच्या लाइनवर सपशेल आपटतो, तोही यामुळेच.

अ‍ॅनालॉगच्या दिवसांत खराब जोड पडद्यावर लगेच दिसायचा. मुंग्या यायच्या, चित्रामागे दुसरं फिकट चित्र दिसायचं. मुंबईत २०१२ च्या अखेरीस आणि पाठोपाठ २०१३ मध्ये पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, सोलापूर अशा शहरांत केबल डिजिटल झाली, आणि ही पूर्वसूचना संपली. डिजिटल बॉक्स चुकलेले बिट ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतः दुरुस्त करतो. तोवर चित्र चकाचक. ती मर्यादा ओलांडली, की चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि थोड्याच वेळात पडदा काळा. मधली पायरी जवळपास नाहीच. त्यामुळे आज ‘चालतोय’ म्हणून सोडलेला जोड मर्यादेपासून एक डेसिबलवर (सिग्नलची घट-वाढ मोजायचं एकक) उभा आहे की दहा, हे नुसतं चित्र बघून कळत नाही.

सामान घेताना

घरातल्या आणि इमारतीतल्या कामाला आरजी-६ घ्या. आरजी-५९ त्याच ७५ ओहमची, पण बारीक: मधली तार ०.८१ मिलिमीटर. १००० मेगाहर्ट्झवर १०० मीटरमागे आरजी-६ सुमारे २१-२२ डेसिबल खाते, तर आरजी-५९ सुमारे २७. छत्रीच्या वरच्या टोकाला, २१५० मेगाहर्ट्झवर, आरजी-६ सुद्धा १०० मीटरला ३२ डेसिबलच्या आसपास जाते. म्हणजे गच्चीपासून ३० मीटर केबल खाली आणली, की १० डेसिबल तिथेच गेले. खांबावरून खांबावर नेताना आरजी-११ वापरतात, तिची मधली तार १.६३ मिलिमीटर. ही तार एफ सॉकेटमध्ये, म्हणजे पिन जिथे आवळतात त्या आटेवाल्या तोंडात, थेट घालायची नसते. आरजी-११ च्या पिनला स्वतःचा बारीक सुळा असतो, तोच सॉकेटमध्ये जातो. जाड तार जबरदस्तीने घातली, तर सॉकेटमधली पाती फाकतात, आणि नंतर त्यात आरजी-६ कितीही नीट लावली तरी ती सैलच बसते.

मधल्या तारेला चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत पोलाद आणि वर तांब्याचा थर, नाही चिकटलं तर बहुतेक सलग तांबं. टीव्हीच्या सिग्नलला पोलादाचं वावडं नाही. १०० मेगाहर्ट्झवर प्रवाह तांब्याच्या वरच्या ६-७ मायक्रॉनमध्येच वाहतो, १००० मेगाहर्ट्झवर जेमतेम २ मायक्रॉनमध्ये. आत काय आहे, याच्याशी त्याचा संबंध येत नाही. फरक पडतो तो केबलमधून डीसी पाठवताना. आरजी-६ ची पोलादी गाभ्याची तार किलोमीटरला ९० ओहमच्या आसपास रोध दाखवते, सलग तांब्याची २१ च्या आसपास. छत्रीच्या एलएनबीला (सिग्नल पकडून खाली पाठवणाऱ्या डबीला) वीज याच तारेतून जाते, त्यामुळे लाइन लांब असेल तर तांब्याचे जादा पैसे वसूल होतात. ३० मीटरच्या आत असेल, तर उगाच खर्च करू नका.

पिना तीन प्रकारच्या मिळतात. फिरवून बसवायची पिन केबलच्या वरच्या आवरणावर आपले आटे कापत जाते. हत्यार लागत नाही, म्हणून ती लोकप्रिय. पण जाळीला ती सगळीकडून सारखी धरत नाही आणि पाणीही अडवत नाही. आतल्या भिंतीवर तात्पुरती लावायला ठीक, गच्चीवर अजिबात नाही. दुसरी क्रिम्पची. हिचं कडं षटकोनी खाचेच्या हत्यारानेच दाबायचं असतं. आरजी-६ ला ही खाच साधारण ८.२ मिलिमीटरची लागते. साध्या पक्कडीने दाबली, तर कडं दोन बाजूंनी चपटं होतं, उरलेल्या दोन बाजूंना फट राहते आणि आतला फोमही चेपतो. क्रिम्प करतानाच सगळ्यात जास्त केबली बिघडतात, आणि बहुतेकदा दोष पक्कडीचा असतो. तिसरी कॉम्प्रेशनची. तिच्या मागच्या बाजूची नळी हत्याराने पुढे ढकलली जाते आणि केबलला चहूबाजूंनी सारखी आवळते. पाणी अडवण्यात आणि ओढ सोसण्यात हीच उजवी. घरात चार पिना लावायच्या असल्या, तरी कॉम्प्रेशनचं हत्यार घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पिना मात्र केबल पाहून घ्या. दुहेरी जाळीच्या केबलला साधी आरजी-६ पिन चढत नाही, आणि चढवायची म्हणून जाळीचा एक थर कापून टाकणं म्हणजे ज्या कवचासाठी, म्हणजे फॉइल-जाळीच्या आवरणासाठी, पैसे मोजले तेच फेकून देणं.

पिन बसवताना

केबल काटकोनात कापा. गोल तोंडाचा केबल कटर असला तर उत्तम. चपट्या तोंडाच्या कटरने टोक दबतं, मग ते बोटांत फिरवून पुन्हा गोल करावं लागतं. त्यानंतर सोलण्याचं हत्यार. यात दोन पाती असतात: एक मधल्या तारेपर्यंत सगळं कापतं, दुसरं फक्त बाहेरचं काळं आवरण. दोन्हींमधलं अंतर आरजी-६ साठी बहुतेक पिनांना ६.४ मिलिमीटर लागतं. म्हणजे टोकाकडून ६.४ मिलिमीटर नुसती तार आणि पुढचे ६.४ मिलिमीटर जाळी, असं दिसायला हवं. हत्यार केबलभोवती तीन-चार फेऱ्या सावकाश फिरवा आणि कापलेला भाग सरळ ओढून काढा. पात्यांची खोली षटकोनी चावीने कमी-जास्त होते. नवीन केबलचं बंडल उघडलं, की आधी एका टाकाऊ तुकड्यावर ती जुळवून घ्या.

सोलून झालं, की टोक डोळ्यांजवळ धरून तीन गोष्टी बघा.

मधल्या तारेवर गोल चरा दिसतोय का? पातं खोल गेलं असेल, तर तांब्याचा थर कापला जातो आणि खालचं पोलाद उघडं पडतं. तिथे गंज चढतो, आणि दोन-चार वेळा पिन काढ-घाल केल्यावर तार नेमकी त्याच चऱ्यावर तुटते. चरा दिसला तर पुन्हा कापा. त्यात इंचभर केबलच जाते.

तारेवर पांढुरकी साय राहिली आहे का? फोम तारेला चिकटून राहावा म्हणून कारखान्यात एक पातळ थर लावतात. सोलल्यावर तो अनेकदा तारेवरच राहतो. तो सिग्नलला आणि डीसीला, दोघांनाही आडवा येतो. नखाने किंवा प्लॅस्टिकच्या कडेने खरवडा. ब्लेड लावलं तर तांबंही निघून येतं.

फॉइल फोमला घट्ट चिकटलेलं आहे का? सर्वांत आतलं फॉइल काढायचं नसतं. ते सुटलं किंवा फाटलं असेल, तर पिनची आतली नळी फॉइल आणि जाळीच्या मधून सरकण्याऐवजी फॉइलच्या खाली शिरते, त्याचा चुरगळा करते आणि कवच तिथेच तुटतं. दुहेरी जाळीच्या केबलमध्ये क्रम असा: बाहेरची जाळी मागे दुमडा, दुसरं फॉइल काढून टाका, आतली जाळी मागे दुमडा, सर्वांत आतलं फॉइल तसंच ठेवा.

आता जाळी काळ्या आवरणावर मागे, सगळीकडून सारखी दुमडा. इथे घाई करू नका. जाळीचा एक केस जरी पांढऱ्या फोमच्या तोंडावर आडवा राहिला आणि मधल्या तारेला टेकला, तरी शॉर्ट. केबल टीव्हीच्या लाइनवर त्यामुळे सिग्नल जातो. छत्रीच्या लाइनवर बॉक्स लगेच एलएनबीची वीज तोडतो आणि पडद्यावर सिग्नल नसल्याचा संदेश येतो. फोमच्या तोंडावरून एकदा बोट फिरवा, केस असला तर टोचतो.

पिन सरळ धरून आत ढकला. सुरुवातीला जोर लागतो, कारण आतली नळी जाळीखाली वाट काढत असते. पिनच्या पुढच्या तोंडातून आत पाहत राहा. पांढरा फोम नळीच्या काठाशी अगदी सपाट आला, की थांबा. तो मिलिमीटर-दीड मिलिमीटर मागे राहिला, तर तिथे हवेची पोकळी झाली, म्हणजे पुन्हा इम्पीडन्स बदलला. पुढे आला, तर पिन सॉकेटवर पूर्ण बसणार नाही. या क्षणी मधली तार नटच्या काठापेक्षा दीड ते तीन मिलिमीटर बाहेर असायला हवी. त्याहून लांब असेल तर छाटा, नाहीतर ती सॉकेटच्या आत पलीकडे जाऊन टेकते. आखूड असेल तर पूर्ण पिन कापून पुन्हा करा. आखूड तारेचा त्रास लगेच होत नाही. उन्हाळ्यात लावलेली पिन थंडीत केबल आकसली की दगा देते, आणि तोवर कुणाचा तिच्यावर संशयही राहत नाही.

हत्याराने एकाच दाबात, शेवटपर्यंत दाबा. मग पिन एका हातात आणि केबल दुसऱ्या हातात धरून बेताने ओढून बघा. हललीच, तर ती पिन फेकून द्या. कॉम्प्रेशनची पिन दुसऱ्यांदा वापरता येत नाही.

जोड देताना

केबल तुटली किंवा कमी पडली, तर दोन्ही टोकांना पिना बसवा आणि मध्ये जॉइंटर लावा. दोन्हीकडून आटे असलेला हा छोटा नळकांडीसारखा तुकडा आतूनही ७५ ओहमच्या मापात बनवलेला असतो. चांगल्या जॉइंटरमध्ये ०.२ ते ०.५ डेसिबल जातात. छत्रीच्या लाइनला ३ गिगाहर्ट्झचा जॉइंटर मागा. त्याच्या आतलं प्लॅस्टिक बहुधा निळं असतं, पण रंगावर विसंबू नका, पाकिटावरचा आकडा वाचा. केबल टीव्हीपुरता बनवलेला १ गिगाहर्ट्झचा जॉइंटर छत्रीच्या लाइनला लावला, तर वरच्या वारंवारतांवर तो स्वतःच अडथळा होतो. आरजी-५९ आणि आरजी-६ अशा जॉइंटरने जोडायला हरकत नाही, दोन्ही ७५ ओहमच्याच. फक्त प्रत्येकीला तिच्या मापाची पिन हवी.

जोड भिंतीतल्या पाइपात ठेवू नका. तो जिथे असेल, तिथे हात पोचला पाहिजे. दोन्ही बाजूंना एकेक वीत केबल सैल सोडा, म्हणजे पुढे पिन बदलायची वेळ आली तर कापायला जागा राहते. वळण देताना आरजी-६ चा बाक ७-८ सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचा करू नका, आणि क्लिप हातोडीने केबल दबेपर्यंत ठोकू नका. शक्य असेल तर जोड टाळून अखंड केबल ओढा. ४० मीटरच्या लाइनमध्ये तीन जॉइंटर असण्यापेक्षा नवीन केबल बहुतेकदा स्वस्त पडते.

नट किती आवळायचा? हाताने पूर्ण फिरवा, मग ११ मिलिमीटरच्या पान्याने साधारण पाव फेरी. केबल उद्योगात बाहेरच्या जोडांना सुमारे ३.४ न्यूटन-मीटर हे माप धरतात. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सच्या मागचं सॉकेट आत सर्किट बोर्डावर डाख लावून बसवलेलं असतं, तिथे हाताने घट्ट एवढंच. पान्याने आवळून ते सॉकेट बोर्डावरून उचकटण्याचे प्रकार होतात. पण सैल नट त्याहून वाईट. मधली तार सॉकेटमध्ये असते म्हणून चित्र येतं, कवच मात्र अर्धवट टेकलेलं असतं. मग फ्रिज सुरू झाला की चौकोन, फोन जवळ आला की चौकोन. इमारतीच्या केबल टीव्ही लाइनमध्ये हे मोबाइलचं प्रकरण दिवसेंदिवस वाढतंय, कारण पट्टे एकमेकांवर येतात: ४जी वरचा फोन ८५० च्या पट्ट्यात ८२४ ते ८४९ मेगाहर्ट्झवर सिग्नल सोडतो, ५जी वरचा ७०० च्या पट्ट्यात ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झवर. केबलचे वरचे चॅनल नेमके याच भागात. कवच सलग असेल, तर दोघं शेजारी सुखाने नांदतात.

पाणी

सह्याद्रीच्या पश्चिमेला, कोकणात आणि गोव्यात, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे बाहेरचा जोड टिकणार की नाही, हे पाणीच ठरवतं. पिनमधून शिरलेलं पाणी पिनपाशी थांबत नाही. जाळी दिव्याच्या वातीसारखी ते शोषून घेते आणि केबलच्या आत काही मीटर खोल नेते. फोमचा विद्युत-अपार्यतांक (पदार्थात सिग्नलचा वेग किती उतरतो हे ठरवणारा आकडा) सुमारे दीड, पाण्याचा ऐंशी. म्हणजे जिथे पाणी, तिथे ७५ ओहमचा हिशोब पार कोसळतो. वर अ‍ॅल्युमिनियमची जाळी, पितळी पिन आणि तांब्याची तार हे तीन धातू एकत्र भिजले, की गंजायला वेळ लागत नाही. समुद्रकाठी खारी हवा असल्याने आणखी लवकर. पांढरी भुकटी दिसली तर अ‍ॅल्युमिनियम गेलं, हिरवी दिसली तर तांबं. छत्रीच्या लाइनमध्ये मधल्या तारेवर सतत डीसी व्होल्टेज असतं, त्यामुळे ओल्या पिनमध्ये तार खाल्ली जाण्याचा वेग भलताच वाढतो. काही महिन्यांत ती सुईसारखी बारीक झालेली दिसते.

नुसती काळी पीव्हीसी टेप पाणी अडवत नाही. मे महिन्याच्या उन्हात तिचा डिंक वितळतो, टेप सुटते आणि पहिल्या पावसात आत पाणी साठवून ठेवते. बाहेरच्या जोडाला स्वतःला चिकटणारी रबरी टेप लागते, सेल्फ-अमाल्गमेटिंग नावाने मिळते. ती जवळजवळ दुप्पट लांब होईपर्यंत ताणायची आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत गुंडाळायची. सुरुवात खालून, शेवट वर, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं. काही तासांत सगळे थर एकजीव होतात. त्यावर उन्हापासून बचाव म्हणून पीव्हीसी टेपचा एक हात द्या. तिचा शेवटचा वेढा न ताणता लावा, नाहीतर टोक मागे ओढलं जाऊन सुटतं.

पिनच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस चालतं. बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन मात्र लावू नका. वाळताना ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून आम्ल सुटतं आणि ते तांबं खातं. केबल इमारतीत शिरण्याआधी तिला खालच्या बाजूला एक झोल द्या. पाणी झोलाच्या तळाशी येऊन टपकतं, केबलीवरून भिंतीच्या आत जात नाही.

दोष शोधताना

अनेक सेट टॉप बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, एक ताकदीची आणि एक गुणवत्तेची. दोन्ही खाली असतील, तर सिग्नल वाटेत कुठेतरी खाल्ला जातोय: लांब केबल, भिजलेला जोड किंवा जास्त स्प्लिटर. दोघांत वाटणारा स्प्लिटर प्रत्येक वाटेला साडेतीन ते चार डेसिबल कमी करतो, चौघांत वाटणारा सात-साडेसात. ताकद भरपूर आणि गुणवत्ता खाली असेल, तर परावर्तन किंवा बाहेरून घुसलेला गोंगाट शोधा, म्हणजेच सैल नट, तुटलेली जाळी, पिळून दिलेला जोड. स्प्लिटरचं न वापरलेलं तोंड उघडं ठेवलं, तरी तिथून सिग्नल परत फिरतो. त्यावर ७५ ओहमची टर्मिनेटर टोपी लावा.

छत्रीचा एक दोष मजेशीर असतो: अर्धे चॅनल दिसतात, अर्धे नाहीत. बॉक्स एलएनबीला एका ध्रुवीकरणासाठी (म्हणजे लहरींच्या कंपनाच्या एका दिशेसाठी) १३ व्होल्ट देतो, दुसऱ्यासाठी १८. मधली सीमा १५ व्होल्टच्या आसपास. एलएनबी १५० मिलीअँपिअर घेतो असं धरा, आणि गंजलेल्या पिनांनी वाटेत २० ओहम वाढवले. ३ व्होल्ट तिथेच गेले, १८ चे १५ झाले. एलएनबीला वाटतं १३ मागितले, आणि तो दुसरीकडे वळतच नाही. ज्या सेवेचे चॅनल दोन्ही ध्रुवीकरणांवर आहेत, तिथे १८ व्होल्टवरचे सगळे एकदम गायब होतात. पिन काढ-घाल केली, की संपर्क तात्पुरता सुधारतो आणि चॅनल परत येतात. म्हणून लोक छत्री हलवत बसतात आणि पिन बदलायची राहून जाते. छत्रीची पिन काढण्या-लावण्याआधी बॉक्सचं बटण भिंतीवरून बंद करा. दोन पिनी प्लगच्या बॉक्सच्या धातूला हात लागला तर झिणझिण्या येतात, त्या बहुधा बॉक्सच्या वीजपुरवठ्यातून गळणाऱ्या किरकोळ प्रवाहाच्या असतात. पण गच्चीवर, ओल्या हाताने, त्याची परीक्षा घेऊ नये.

मल्टिमीटरने ७५ ओहम मोजता येत नसले, तरी तो उपयोगी आहे. केबल दोन्हीकडून मोकळी करा. मधली तार आणि पिनचं कडं यांच्यात रोध मोजा: काहीच दाखवायला नको. काही किलोओहम किंवा मेगओहम दिसले, तर आत ओल आहे. मग दुसऱ्या टोकाला तार आणि कडं एकत्र जोडून पुन्हा मोजा. ३० मीटरच्या पोलादी गाभ्याच्या आरजी-६ ला तीन-चार ओहम यायला हवेत, तांब्याच्या केबलला दीडच्या आत-बाहेर. केबल हलवताना आकडा नाचत असेल, तर हात फिरवत जा. ज्या पिनपाशी तो नाचतो, तीच कापा.

केबल ऑपरेटरकडे स्पेक्ट्रम दाखवणारा मीटर असेल, तर आणखी एक खूण मिळते. दोन खराब जोडांच्या मध्ये सिग्नल मागे-पुढे आपटतो आणि सगळ्या पट्ट्यावर सारख्या अंतराने चढ-उतार दिसतात. दोन उंचवट्यांमधलं अंतर मेगाहर्ट्झमध्ये मोजा आणि १२५ ला त्याने भागा. आरजी-६ मध्ये त्या दोन जोडांमधलं अंतर मीटरमध्ये मिळतं: उंचवटे १२.५ मेगाहर्ट्झवर असतील तर जोड १० मीटर दूर, २५ वर असतील तर ५ मीटर.

सीसीटीव्हीच्या बीएनसी पिनांना वरचं बहुतेक सगळं लागू आहे, दोन फरक सोडून. कॅमेऱ्याचा व्हिडिओ अगदी कमी वारंवारतेपासून सुरू होतो, तिथे प्रवाह तारेच्या पूर्ण जाडीतून वाहतो; त्यामुळे लांब लाइनला सलग तांब्याचीच केबल घ्या. आणि दुकानात ५० ओहमच्या बीएनसीही मिळतात, त्या रेडिओच्या कामाच्या. ७५ च्या मागून घ्या.

जुना जोड काढताना टेप सोडल्यावर जाळी काळवंडलेली दिसली, तर तिथेच नवी पिन बसवू नका. पाणी पुढे गेलेलं असतं. दर वेळी वीतभर कापत मागे जा, जाळी चमकदार आणि कोरडी लागेपर्यंत. दोन मीटर कापूनही ती काळीच निघत असेल, तर तो तुकडा पूर्ण बदला.